या वेळी काय उचललं, सर?

कंबर दुखणाऱ्या माणसाला आमच्या अमरावतीत कोणी "कसे आहात?" विचारत नाही. थेट विचारतात, "सर, या वेळी काय उचललं?" तुम्ही एक किस्सा सांगितला की समोरचा त्याच्या साडूच्या कमरेचा सांगतो, मग तुम्हाला तुमचाच दुसरा आठवतो. आमच्या घरी तर तीन वर्षांत इतके साठलेत, की पाहुणे आले की बायको चहा ठेवता ठेवता आतूनच ओरडते, "अहो, तो पट्ट्याचा सांगा ना!"

मी शाळेत चित्रकला शिकवतो. शाळा दुपारची. बायको मंजूषा अकोल्याला बँकेत. सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडते, संध्याकाळी परत. त्यामुळे सकाळभर दोन्ही लेकरं माझ्या अंगावर. अक्षरशः अंगावर! ओवी आता साडेपाच वर्षांची, सोहम दोनचा. घरात आई आहे, पण तिचे गुडघे माझ्या आधीच रिटायर झालेत. म्हणजे उचलण्याचं खातं माझ्याकडे.

* * *

पहिल्यांदा कंबर धरली तेव्हा काय उचललं होतं? ओवीचा मोजा! एकच. दुसरा सापडत नव्हता.

वाकलो, मोजा हाती आला आणि कमरेत अशी चमक निघाली की ना वर जाता येईना, ना खाली. दोन्ही हात पलंगावर टेकून तसाच थांबलो.

ओवी तेव्हा अडीच वर्षांची. तिला वाटलं, बाबा तयार आहेत. पलंगावरून थेट पाठीवर! "घोडा, चल!"

घोडा म्हणाला, "आई गं!"

तिला ते फारच आवडलं. टाच मारली की "आई गं!" पुन्हा मारली की पुन्हा "आई गं!" दहा मिनिटांनी कंटाळली आणि स्वयंपाकघरात तक्रार घेऊन गेली, "आजी, घोडा बिघडला."

आईने दारातून माझ्याकडे पाहिलं. "बिघडला नाई माय," ती म्हणाली, "जुना झाला."

* * *

सोहम झाल्यावर दुखणं वाढलं, तेव्हा हाडांच्या डॉक्टरकडे गेलो.

"वजन उचलता का?"

"हो, दोन. एक दहा किलोचं, एक सोळा किलोचं."

"कोणत्या जिममध्ये?"

"घरीच असतात."

डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, "उचलणं बंद करा."

"मी केलं हो बंद. ते स्वतःच चढतात!"

डॉक्टर खो खो हसले आणि हसता हसता एकदम थांबले. एक हात टेबलाला, एक कमरेला. शर्टाच्या आत जाडजूड पट्टा दिसत होता.

मी हळूच विचारलं, "तुमचे किती किलोचे?"

"जुळे आहेत," डॉक्टर म्हणाले.

* * *

आता पट्ट्याचा. डॉक्टरांनी मलाही एक पट्टा दिला. काळा, वीतभर रुंद, काढताना चर्रर्र आवाज करणारा.

महिनाभराने ओवीच्या बालवाडीतून बोलावणं आलं. बाईंनी मला बसवलं, दार लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही स्वतः शिक्षक आहात, म्हणून विचारायला जड जातं. घरी काही टेन्शन आहे का?"

"नाही हो. का?"

"काल वर्गात 'माझे बाबा' हा विषय होता. सगळी मुलं दोन-दोन वाक्यं बोलली." बाईंनी वहीत पाहिलं. "ओवी म्हणाली, 'माझे बाबा घरी आले की पट्टा काढतात. मग आजी ओरडते, एवढ्यात काढू नको! मग बाबा भिंतीला धरून रडतात.'"

मी उठलो, बाईंसमोर उभा राहिलो आणि शर्ट वर केला.

नेमक्या त्याच वेळी मावशी चहा घेऊन आत आल्या.

* * *

धोंड्याच्या महिन्यात अकोल्याला सासुरवाडीत जेवण होतं. जावयाचा मान! चौरंग, ताटाभोवती रांगोळी, ताटात धोंडे आणि बसायला पाट. इतका बुटका पाट, की मी बसतानाच मनात म्हटलं, आपण गेलो.

जेवण झालं, हात धुऊन झाले, चांदीचं निरांजन हाती आलं. सगळे माझ्या उठण्याची वाट पाहत होते, आणि मी उठूच शकत नव्हतो. अशा वेळी माणूस काय करतो? नुसता हसतो. मी बसून हसत राहिलो.

पाच मिनिटांनी सासरे मंजूषाच्या कानाशी लागले, पण त्यांची कुजबुज म्हणजे बसस्टँडची अनाउन्समेंट. "जावईबापू काहून उठून नाई राहिले? आपल्याकडून काई कमी झालं काय?"

सासूबाई लगबगीने आत गेल्या आणि चांदीची वाटी घेऊन आल्या.

"अहो नको, खरंच काही नको," मी म्हटलं. रुसलेले जावई हुबेहूब असंच बोलतात, हे माझ्या लक्षात आलं नाही! साळ्याने मुकाट्याने मनगटावरचं नवंकोरं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं.

शेवटी मंजूषा जवळ आली. तिला कळलंच होतं. मला वाटलं, आता ही हात देऊन उठवेल. ती कानाशी वाकली आणि म्हणाली, "थोडं थांबा. भाऊ मिक्सर आनाले गेला."

* * *

एक किस्सा मी आता हसून सांगतो, पण तेव्हा हसू येत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात कंबर अशी गेली की आठ दिवस जमिनीवरच्या गादीवर पडून. सोहम अकरा महिन्यांचा. रांगत यायचा, गादीशी बसून दोन्ही हात वर करायचा. घे! मी घेऊ शकत नव्हतो. तो रडायचा, आई धावत यायची. तिसऱ्या दिवसापासून त्याने माझ्याकडे हात वर करणंच सोडलं. सरळ आजीकडे जायला लागला. कमरेला गोळी तरी होती, याला काय घेणार?

पाचव्या दिवशी सकाळी आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. सोहम खुर्ची धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, खुर्ची सोडली आणि एक, दोन, तीन, चार पावलं टाकून माझ्या छातीवर कोसळला. मी पडल्या पडल्या त्याला धरलं आणि रडलो.

मग एकदम मंजूषा आठवली. रोज गाडीतून फोन करायची, "मी नसताना त्याले चालू देऊ नका हं!" मी ओवीला जवळ बोलावलं. "हे आपलं गुपित. आईला सांगायचं नाही."

संध्याकाळी मंजूषा दारात आली. खांद्यावर पर्स तशीच. सोहमने खुर्ची सोडली आणि तिच्याकडे तीन पावलं टाकली. ती किंचाळलीच, "अहो, पाहा! माझ्यासाठीच थांबलं होतं लेकरू!"

"अरे वा!" मी गादीवरून ओरडलो. "पहिल्यांदाच! आज दिवसभर जागचा हलला नव्हता गं! कमाल आहे!"

ओवी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी. शेवटी सुटलंच, "आई, सकाळी चार टाकली होती!"

मला वाटलं, संपलं. मंजूषा सोहमला कडेवर घेऊन माझ्या शेजारी बसली आणि हसायला लागली. डोळे भरलेले, तरी हसत होती.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "दुपारीच आजीच्या फोनवरून ओवीचा फोन आला होता. म्हने, 'आई, गुपित सांगू काय?'" मग माझ्या कमरेखाली उशी सारत म्हणाली, "तुमी चित्रकलाच शिकवा. अॅक्टिंग तुमचं काम नाई."

* * *

आणि हा गेल्या महिन्यातला.

भाजीबाजारात सोहम कडेवर, पिशवी हातात, आणि तिथेच चमक भरली. चार दिवस झाले, मी काटकोनात. आई म्हणाली, "गोळ्या खाऊन पोटाचं वाटोळं करशीन. पायाळू मानूस पाह्य."

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने पाठीला पाय लावला की चमक निघते, असा आईचा ठाम विश्वास. तिने चांदूर रेल्वेच्या नातेवाइकांना फोन केला, अचलपूरच्यांना केला. अचलपूरची एक पायाळू आत्या होती, पण ती वारली होती. आई हताश होऊन बसली आणि एकदम ताडकन उठली. "अरे! ओवी पोटात उलटी नव्हती काय? पोट्टी घरातच हाये!"

"आई, ते सिझेरियन होतं."

"मंग काय झालं? पह्यले पाय निघाले का डोकं?"

मला काय माहीत! मंजूषाला बँकेत फोन लावला. ती काउंटरवर होती, हात कामात, म्हणून फोन स्पीकरवर.

"मले काय माहीत!" मंजूषा म्हणाली. "मधात पडदा होता!"

तेवढ्यात काउंटरपलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "पाय खाली होते नं माय? मंग पायाळूच! कापलं म्हनून नेम बदलते काय?"

"नाई नाई," दुसरा आवाज. "ऑपरेशनचं मोजत नाई!"

"तुमाले काय समजते हो त्यातलं?"

रांगेत भांडण जुंपलं. मंजूषाने फोन कापला.

आईने निकाल लावला. मी जमिनीवर पालथा झोपलो. आई ओवीला म्हणाली, "बाबाच्या कमरेले पाय लाव."

तीन वर्षं या पोरीला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, बाबाच्या पाठीवर पाय द्यायचा नाही. तिला खरं वाटेना. "मग रागावणार नाही ना?"

"नाही गं."

"नक्की?"

"नक्की."

ओवी शांतपणे खोलीच्या पार टोकाच्या भिंतीपर्यंत मागे गेली.

"अवं, हळू!" आई ओरडली. "नुसता टेकव—"

कडाक्!

मी उठलो. रागवायलाच उठलो होतो, पण चार दिवसांत पहिल्यांदा सरळ उभा होतो. पुढे वाकून पाहिलं, मागे वाकून पाहिलं. ओवी पडद्यामागे लपलेली. आईने आधी तिला बाहेर काढलं आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी म्हटलं, योगायोग असेल. आई चप्पल घालून बाहेर पडली. गल्लीत कोणाकोणाच्या घरी जाऊन आली, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली. दार उघडलं तर मागच्या गल्लीतले गुल्हाने काका. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात चॉकलेट. त्यांच्या मागे जिन्याचा कठडा धरून आणखी दोघं.

"सर," काका अदबीने म्हणाले, "ओवी मॅडम उठल्या काय?"