नदीकाठची दहाची गाडी

कळमनुरीच्या बसस्टँडवर मी चौकशीच्या खिडकीत बसायचो, तेव्हाची ही बाई. पैनगंगेच्या काठी धरणाच्या कामामुळे नवी वस्ती वाढत होती, ती तिथली. पहाटेच्या गाडीने काकड्या विकायला यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. मधे एकही गाडी नव्हती. डोक्यावरची टोपली न उतरवता ती रोज विचारायची, "साहेब, दिवसाची गाडी कवा?"

"वर कळवलंय."

"कळवलंय," ती स्वतःशीच म्हणायची.

एकदा मी विचारलं, "मावशी, दिवसाची गाडी काहून पाहिजे?"

"लेक इथंच दिली. सासरचे तिला आमच्याकडं रात्री राहू देत न्हाईत. मी जाते तिच्या घरी, पर सासूपुढं काय बोलावं? लगीन झाल्यापासून लेकरू माहेरी आलं न्हाई."

शेवटी दहाची गाडी सुरू झाली. त्या दिवशी ती लेकीला घेऊन आली. तिला गाडीत खिडकीपाशी बसवलं, पण तिचा हात काही सोडला नाही. गाडी निघताना मी जवळ गेलो, तर मावशीने मला विचारलं, "तिकडून परतीची कवा हाय?"

"चारला."

ती लेकीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "साहेब, अजून एक सोडा की. तिकडून दिवस मावळताना निघणारी."