सरनोबतांचं जुनं गाव

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या मास्तरांना मुलं पाठीमागे 'सरनोबत' म्हणत. घोड्याचं सोडाच, टांग्यात चढतानाही हे गृहस्थ टांगेवाल्याचा खांदा धरत. पण सहल निघाली की डोक्याला पागोटं आणि कमरेला म्यान नसलेली गंजकी तलवार. मी त्यांच्या हाताखाली नवा शिक्षक होतो. वाऱ्यात पागोटं सांभाळायचं काम माझ्याकडे असे.

सोलापुरात एकदा शेतकी प्रदर्शन भरलं, तेव्हा तळ्यापलीकडच्या माळावर 'जुनं गाव' म्हणून काही झोपड्या आणि एक चावडी उभारली होती. प्रदर्शन उठलं, झोपड्या राहिल्या. सरनोबतांनी त्यांचा ताबा घेतला. जन्मात त्यांनी जिंकलेला मुलूख तेवढाच. दर हिवाळ्यात मुलांना तिथे नेऊन ते 'पूर्वीचा काळ' दाखवत.

पूर्वी काडेपेटी नव्हती, म्हणून चूल चकमक झाडूनच पेटली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. ती कधीच पेटली नाही. मुलं पेरू खाऊन घरी जात आणि सरनोबत सावलीत बसून घरचे लाडू खात. "लाडू पूर्वीही होते," हा त्यांचा खुलासा.

या गावात मेंढपाळ म्हणून ते बिरा धनगराला बसवत. सांगोल्याकडचा बिरा मेंढरं घेऊन त्या दिवसांत माळावर उतरायचाच. त्याच्याकडे छडी रोखून सरनोबत सांगत, "मुलांनो, पूर्वी असे लोक असत."

"मास्तर, आमी आजबी हाय की," टकळीवर लोकर कातता कातता बिरा म्हणे.

"तू गप्प बस. इतिहास बोलत नसतो."

मग एका वर्षी सरकारात हा माळ मोकळा करायचं घाटू लागलं. झोपड्या ठेवायच्या की पाडायच्या, ते बघायला साहेब सहलीच्या दिवशीच येणार होते. सरनोबतांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शाळेत त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. त्यांचं राज्य काय ते या माळावर.

साहेबांना बिरा दाखवत ते म्हणाले, "हे लोक आता उरले नाहीत. हा एवढा नमुना आम्ही जपला आहे."

बिराला राहवलं नाही. "न्हाय कसं? लई हाय की. मागल्या बाजाराला तुमच्याच बंगल्यावर घोंगडं दिलं म्या."

साहेब हसले. "मग या झोपड्या कशाला हव्यात?" संक्रांतीच्या आत माळ साफ झाला.

त्या दिवशी साहेब गेल्यावर सरनोबत बिराला फाडून खातील असं मला वाटलं. ते त्याच्या घोंगड्यावर जाऊन बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "तू आहेस, हे बरंच झालं," ते म्हणाले. "मी आता कुठे जाऊ?"

"मेंढरं राखाया या की," म्हणत बिराने अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. त्या दिवसापुरतं मला या माणसाबद्दल फार वाईट वाटलं.

पेन्शनीत निघताना ते पागोटं माझ्या गळ्यात मारून गेले, आणि थोड्याच दिवसांत वारले. इतिहास माझ्याकडे आला. पुढच्या हिवाळ्यात मी मुलांना त्याच उघड्या माळावर नेलं. ऊन लागत होतं, म्हणून पागोटं बांधलं. तीन दगड मांडून चकमक झाडून झाडून घामाघूम झालो, तेव्हा हसून म्हणालो, "मुलांनो, पूर्वी असे मास्तर असत."

मागून एकजण म्हणाला, "मास्तर, आजबी हाय की."