नळी राहू दे, असं मीच म्हटलं होतं

आप्पांना जाऊन चार वर्षं झाली. इस्पितळातल्या एका नर्सच्या हलगर्जीपणामुळे ते गेले, असं ताई येईल त्याला सांगते. मी शेजारी बसून ऐकतो. चूक त्या नर्सची नव्हती, माझी होती. एवढं एक वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

आप्पा निवृत्त शिक्षक. घराच्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीत ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. लघवीसाठी नळी लावलेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली. तिशीतली, नाटे गावाकडची, तोंडाने फटकळ.

"काय ओ गुरुजी, नळी काढूया ना आज? नायतर पिशवी घेऊनच वर्गावर जाल."

आप्पा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

मी तिला दाराबाहेर गाठलं. "राहू दे ना दोन दिवस. आप्पांना लघवीचं भांडं लावलेलं आवडायचं नाही. संकोची आहेत."

"दादा, नळी जितकी जास्त राहील तितकं वाईट. इथले जंतू घरच्यासारखे साधे नसतात."

"दोनच दिवस."

ती पुढच्या खाटेकडे वळली. राउंडला मी डॉक्टरांनाही तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली. आप्पांना मात्र कुणी विचारलंच नाही.

संकोच माझा होता. हा माणूस आयुष्यभर बंडीशिवाय कधी माझ्यासमोर आला नव्हता. त्यांचं भांडं धरायचं, पुसायचं, हे मला जमणार नव्हतं. आणि दमलोही होतो. नळी असली की सारखं उठावं लागत नाही, बाकावर पाठ टेकता येते. इतकी साधी गोष्ट.

दोन दिवस म्हणता म्हणता ऑपरेशननंतरचा सहावा दिवस आला. रोज सकाळी ती विचारायची, रोज मी "उद्या" म्हणायचो.

त्या दिवशी दुपारी आप्पांना थंडी वाजून ताप भरला. लघवी तपासायला गेली. रिपोर्टवर औषधांची लांबलचक यादी होती आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे एकच अक्षर, R. डॉक्टरांनी सांगितलं, ही औषधं आता या जंतूंवर चालणार नाहीत. वय, ऑपरेशन, इस्पितळातला मुक्काम, आधी खोकल्यासाठी घेतलेल्या गोळ्या, आणि ही नळी. "एकच कारण नसतं," ते म्हणाले.

या वाक्यावर मी पुढे बरेच दिवस काढले. पण त्यातलं माझ्या हातात होतं ते एकच.

ताई मुंबईहून आली ती थेट वॉर्डात. "सहा दिवस नळी? झोपा काढत होतात काय?"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी थर्मासचं झाकण लावत बसलो. ते आधीच घट्ट लागलेलं होतं.

"चुकलं, ताई," सिस्टर म्हणाली.

ताईने सिस्टरच्या हलगर्जीपणाची लेखी तक्रार दिली. खाली मीही सही केली. आप्पा अकराव्या दिवशी गेले. सिस्टरला त्या वॉर्डातून हलवलं, असं नंतर कानावर आलं. कुठे, ते मी विचारलं नाही.

यंदा आप्पांच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाली, चहा फिरला, आणि ताईने पुन्हा विषय काढला. आमच्या चुलतभावाची मुलगी नर्सिंगला लागली आहे. ताई तिला म्हणाली, "तसली नर्स नको हो होऊस."

"ताई, नळी मी ठेवायला लावली होती," मी म्हटलं.

ती कप हातात धरून राहिली. "मग सही का केलीस?"

मी रिकामे कप गोळा करू लागलो. तीच पुढे म्हणाली, "आता कशाला सांगतोस रे? आप्पा येणारेत परत?"

"त्या सिस्टरच्या नावावर ती तक्रार अजून असेल ना."

ताई उठून आत गेली. त्यानंतर तिचा फोन नाही.

परवा मी अर्ज घेऊन इस्पितळात गेलो. आवक-जावकचा कारकून वैतागलेला होता. चार वर्षांपूर्वीची फाइल आता कोण शोधणार, असं म्हणाला. तरी पेन उचललं.

"विषय काय लिहू?"

"तक्रार खोटी होती."

त्याने वर पाहिलं. "कोणाची तक्रार?"

"माझी," मी म्हटलं. "खाली सही आहे."