शेवंताबाईंच्या मुली ओट्यावर थांबल्या होत्या

काल मी गावभर खोटी बातमी पाठवली.

माझी मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, काल सकाळी गेली. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज मी टाइप केला. पहिल्यांदा खरं लिहिलं होतं,
"कथक नृत्यांगना शेवंताबाई."

बाबा मागे उभे राहून वाचत होते.
"नाच-बीच काई टाकू नको. इथी नाचनारी म्हनलं का लोकायले नाटकातली बाई आठवते. पाहुणे येऊन राह्यले."

मी डिलीट केलं. वाद घातला नाही.

मग लग्नात बदललेलं नाव टाकलं, सुशीलाबाई. 'धार्मिक, मनमिळाऊ, आदर्श गृहिणी.' फोटो आधार कार्डसाठी काढलेला, डोक्यावर पदर, ओळखूही न येणारा.

मनमिळाऊ!
ताल चुकला की ओरडायची, "पाय हाय का मुसळ?"

छोट्या लाइनची, नॅरोगेजची गाडी होती तेव्हा लग्नानंतरही ती नागभीडहून नागपूरला कथकच्या गुरुजींकडे जायची. मोठे बाबा तिकीट काढून द्यायचे आणि आजीला सांगायचे, "दवाखान्यात गेली." भोपाळला नाचली, लखनौला नाचली. घरी बाकी कुणाला पत्ता नाही.

मोठे बाबा गेल्यावर तिने राईस मिलच्या ओट्यावर क्लास सुरू केला. धान वाळवायचा सिमेंटचा ओटा.
मिलवाले भाऊ म्हणाले, "बाई, धान पडते तिथी पाय आपटाचे नाई."
"माफी मागूनच नाचू, भाऊ."

कथकच्या आधी जमिनीला नमस्कार असतोच. तिच्या क्लासच्या मुली त्याहीआधी ओटा झाडायच्या, सांडलेले दाणे वेचायच्या. दाण्यावर पाय पडला की त्या दिवसाचा क्लास बंद.

काल दुपारी अंगणात पाहुणे मावत नव्हते. तिच्या मुलींपैकी मात्र एकही नाही. मला इतका राग आला!

आज संध्याकाळी मिलवरून जात होते.

सगळ्या ओट्यावर होत्या.
ओढण्या कमरेला, पायात घुंगरू. ओटा झाडलेला, दाणे कोपऱ्यात गोळा केलेले.

"ताई, बाई काल बी नाई आल्या. काऊन? बिमार हायेत का?"

मुली खेड्यांवरून बसने येतात. सोबत आलेल्या एका आईने मेसेज पाहिला होता.
"तुमच्या घरची कोनी सुशीलाबाई म्हातारी गेली ना? म्हनून बाईंनं सुट्टी घेतली, असं वाटलं आमाले."

ती म्हातारी म्हणजेच बाई, मी सांगितलं.

मग एक मुलगी खाली बसून घुंगरू सोडायला लागली. वर न बघता म्हणाली,
"आमाले शेवटचं पाहू बी नाई देलं तुमी?"

लाज वाटते. कालपासून नुसती पाहुण्यांना चहा देत फिरत होते मी.

म्हणून आज नीट लिहिते.
कथक नृत्यांगना शेवंताबाई काल गेल्या. फोटो हा घ्या, घुंगरू बांधलेला. बाबा, तुम्हाला टॅग केलंय.

उद्या मुली परत येणार आहेत.
ओटा मी झाडते, मोठी आई. दाणे मी वेचते.
तू जा आता.