चक्कीवाल्याच्या गाडीची ओढ

चक्कीवाल्याची चक्की चाकांवर होती. लोखंडी ट्रॉलीवर इंजिन, दगड, चाळण्या असा सगळा संसार मांडलेला, आणि ती ट्रॉली पिकअपच्या मागे जोडून तो डोंगरातल्या वस्त्यांवर हिंडायचा. गाडी त्याची, चक्की बायकोची. लोक म्हणायचे, "हा नुसता ओढायला, दळते ती." तो खूश व्हायचा, ती लटकी रागवायची.

आता गाडी ओढते कशावर, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मागच्या आसात दोन दातेरी चाकं असतात, एक लहान, एक मोठं. लहान चाकाने पुष्कळ गिरक्या घेतल्यावर मोठं एकदा फिरेल अशी जोडी असली, तर गाडी हत्तीसारखी ओढते. पण इंजिन बिचारं ऊर फुटेस्तोवर पळतं आणि डिझेल घटाघटा पितं. कमी गिरक्यांत भागवणारी जोडी घातली, तर सपाटीवर गाडी थेंबाथेंबावर चालते, पण ओझं घेऊन चढ आला की मान टाकते. दोन्ही सुखं एका आसात मावत नाहीत. चक्कीवाल्याच्या गाडीत ओढणारी जोडी होती.

मग चक्कीवाली आजारी पडली. औषधपाण्यासाठी मुलीने तिला आपल्याकडे नेलं, दूर सपाटीवरच्या शहरात. चक्की छपराखाली झाकली गेली. चक्कीवाला भेटायला निघायचा, तर निम्म्या वाटेत टाकी खडखडीत. शेवटी गेला मिस्त्रीकडे.

"बदल रे बाबा ही जोडी."

"बदलतो. पण काका, गाडीची ओढ जाईल हं."

"जाऊ दे. मला आहे ना ओढ, गाडीला कशाला हवी?"

मिस्त्री हसत हसत गाडीखाली शिरला. जुनी जोडी भंगारात गेली.

त्यानंतर चक्कीवाला मनात येईल तेव्हा शहरात हजर. मुलगी म्हणायची, "बाबा, परवाच तर गेलात!"

"इकडे काम निघालं."

"कसलं?"

"तुझ्या आईकडे."

पुढे डॉक्टरांनी हात टेकले. घरी न्या म्हणाले. घरी आल्यावर चक्कीवाली म्हणाली, "अहो, एकदा वरच्या वस्तीवर चक्की नेऊ या. माझ्या हाताने दळायचंय." तिला नाही कोण म्हणणार? त्याने ट्रॉली जोडली.

पहिला चढ निघाला. दुसऱ्या वळणावर इंजिन कण्हायला लागलं, क्लच जळाल्याचा वास सुटला, गाडी थरथरली आणि थांबली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

"काय झालं हो हिला? ही तर हसत चढायची."

त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि सगळं सांगितलं.

ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणून सारखे येत होतात होय? मी म्हणायची, एवढं डिझेल आणतात कुठून!"

"चक्की इथेच सोडू. रिकामी गाडी चढेल. तुला नेतो वर."

"आणि जाऊन काय करू? लोकांना तोंड दाखवू? दळायला निघाले होते मी."

"मग मिस्त्रीला जुनी जोडी शोधायला लावतो. थोडी थांब."

"दिवस असते तर थांबले नसते का?" ती म्हणाली, आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "चला, उलटी घ्या. मी बघते."

ट्रॉली जोडून उताराला मागे जायचं म्हणजे खायचं काम नाही. स्टिअरिंग एकीकडे फिरवावं, तर ट्रॉली भलतीकडे जाते. इतकी वर्षं ती मागे उभी राहून ओरडायची. आज खिडकीतून डोकं काढून बसली. आवाज असा बारीक की तो ऐकू यावा म्हणून चक्कीवाल्याने ब्रेकवर पाय ठेवून गाडी मुंगीच्या पावलांनी सोडली.

"येऊ द्या... जरा तुमच्या अंगाला... येऊ द्या..."

त्याने आरशात पाहिलंच नाही. ती सांगेल तिकडे तो चाक फिरवत गेला. दरी बाजूला राहिली, उतार संपला, सपाट जागा आली. तिथे वळवून सरळ घरी जाता आलं असतं. पण ती "येऊ द्या" म्हणतच होती आणि तो मागे मागे जातच होता.

शेवटी तिला धाप लागली. तिने डोकं आत घेतलं आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"बस," ती म्हणाली.