बारा मावळे आणि एक शिडी

१८ फेब्रुवारी. काम : गावच्या शाळेच्या शिवजयंतीच्या नाटकासाठी बारा मावळ्यांचे अंगरखे, ढाली, भाले आणि शिरस्त्राणं. मुदत : उद्या सकाळ. धसईच्या बाजारातून मी जे सामान आणलं त्यात एकही वस्तू चुकीची नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

हे काम माझ्याकडे आलं, कारण शिलाई मशीन माझ्याकडे आहे आणि मीटिंगमध्ये मला गप्प बसता येत नाही. "भाड्यानं कशाला? मी करते की स्वस्तात!" असं मी म्हणाले. (शेजारणीनं तेव्हाच तोंडावर हात ठेवायला हवा होता. माझ्या.)

डोकं मात्र भरपूर चालवलं. ढालींसाठी प्लास्टिकची जुनी घमेली, काळा रंग मारून. चिलखताला खुराड्याची जाळी. अंगरख्यांना सगळ्यात स्वस्त मांजरपाट. चहाच्या पाण्यात बुडवला की शिवकालीन दिसतो. पागोटी रंगवायला गुलाल. कमरेला सुंभ. भाल्यांना हिरवे बांबू. आणि शिरस्त्राणांचा साचा म्हणून मातीची मडकी. ती पालथी घालायची आणि वरून खळीनं कागद चिकटवायचे.

सगळं एकाच दुकानात मिळालं! दुकानदारानं मागणी ऐकून टोपी काढली. "अशा कामाला मी नफा घेत नाय, ताई," म्हणाला. नाटकाची एवढी कदर असलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

सकाळी टेंपो गावात शिरला तेव्हा आत पांढरं कापड, त्यावर मडकी, मागून बांबूंचे शेंडे बाहेर. ड्रायव्हरनं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. पारावरची माणसं उठून उभी राहिली. मी हात हलवला. उलट कुणी हलवला नाही.

आमचे सासरे, आबा, त्या सुमारास खोकल्यानं अंथरुणाला खिळलेले. सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या दुपारी मात्र खाट रिकामी दिसली. मागे उन्हाला बसले असतील, असं समजून मी बारातला सेनापतीचा अंगरखा पेंढा भरून खाटेवर आडवा केला. कोंबड्या चोच मारतील म्हणून वरून पांढरी चादर ओढली. इतक्यात शेजारची यमुनाकाकू दारात आली, खाटेकडे बघितलं, तोंडाला पदर लावला आणि एक शब्द न बोलता परत गेली. काकू आणि गप्प? दाढ दुखत असणार!

त्या दिवसांत आमच्याकडे राब भाजतात. भाताची रोपं करायच्या जागी पाला-गवत जाळतात, आणि संध्याकाळी तो धूर गावावर उतरून बसतो. त्या धुरातून माणसं येऊ लागली. एकेक. डोक्याला टॉवेल. हाक नाही, चपलेचा आवाज नाही. अंगणात ओळीनं उकिडवी बसली. वर दोरीवर उरलेले अकरा बिनमुंडीचे अंगरखे तांबूस पाणी ठिबकवत होते, खाली मडक्यांवर बारा बिनचेहऱ्याची डोकी वाळत होती. कुत्रीसुद्धा भुंकेनात. माझ्या अंगावर काटा आला, तो मी झटकला. मदतीला आलेत बिचारे!

"नुसते बसलात काय?" मी म्हणाले. "हात चालवा."

"वैनी लय घट्ट," कुणीतरी कुजबुजलं. "अजून रडली नाय."

"रडायला वेळ कुणाला आहे? उद्या दहाला सगळं तयार पाहिजे."

"उद्या? रातभर ठेवायचा?"

"त्याला काय होतंय? सावलीत ठेवलं की आकसत नाही."

दोघंतिघं उठून लांब जाऊन बसले.

यमुनाकाकू पिठलं-भाकरी घेऊन आली. "तुझी चूल नाय पेटायची आज," म्हणाली.

"कशी पेटणार? सकाळपासून तिच्यावर खळ शिजतेय!" काकूनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हुंदका दिला. दाढच ती.

कोपऱ्यात तुकारामदादांनी दोन लांब बांबू घेऊन त्यांवर आडव्या कामट्या बांधल्या होत्या. मी खूश! "दादा, शिडी? नाटकात गड चढायचा प्रवेश आहे, हे कुणी सांगितलं तुम्हाला? पण जरा तोकडी वाटते."

"आबांना पुरंल, वैनी."

"आबा कशाला चढतील?"

खाली मान घालून दादांनी सुंभाची गाठ आवळली. तेव्हा कुठे बाजारातलं सामान माझ्या डोळ्यांपुढे एकेक करून उभं राहिलं. मांजरपाट. हिरवा बांबू. सुंभ. गुलाल. मडकं.

तेवढ्यात ओळीच्या टोकाला कुणीतरी खोकलं. धुरातून एक माणूस येऊन बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक. शेजारच्या बाळूला हळू आवाजात विचारत होता, "कोन गेला रे?"

"आबा," बाळू मान खाली घालूनच म्हणाला.

"कोन्चा आबा?"

"ह्या घरचा."

"आरारारा!" त्यानं डोळे पुसले. "आन मला कुनी सांगितला नाय!"

बाळूनं मान वळवली. मग बाळू नव्हता, बाळूची फक्त चप्पल होती! बायका किंचाळल्या, घमेली गडगडली, मडकी फुटली, सेनापतीच्या खाटेखालून कोंबड्या उडाल्या. आबा अंगणाच्या मधोमध उभे राहून अंगावरची राख झटकत होते. डॉक्टरांनी धुरात जायला बंदी केलेली, म्हणून गुपचूप राब बघायला गेले होते.

मी सगळा घोळ उलगडून सांगितला. माणसं हसू लागली, पण तुकारामदादा तिरडीपाशीच उभे होते.

"हसताय कशाला?" ते म्हणाले. "बांधलेली रिकामी सोडत नाय. उजाडायच्या आत माणूस मागती."

हसणारे दोन पावलं मागे सरकले. आबा तिरडीजवळ गेले, शेजारी उभे राहिले आणि खांद्यापासून पायापर्यंत तिच्यावर नजर फिरवली. "माझ्याच मापाची हाय गो," म्हणाले. आवाज एवढासा. आणि बघत होते माझ्याकडे, जणू मी नाही म्हटलं की ती दुसऱ्याची होईल.

"कसली तिरडी!" मी कात्री घेतली आणि कचाकच सगळ्या गाठी कापल्या. "हे भाले आहेत! चला, घरी जा सगळे. पिठलं ठेवून जा." (पिठलं उत्तम होतं.)

आबा जेवले नाहीत. चादर पांढरी म्हणून खाटेवर आडवे होईनात. मी त्यांना माझी फुलाफुलांची गोधडी दिली आणि एक भाषण दिलं. बांबू म्हणजे बांबू, सुंभ म्हणजे सुंभ, शिकल्यासवरल्या घरात असलं काही मानायचं नाही. ते "बरं" म्हणाले. दिवा मालवू नको, असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी उठले. अंगरख्यांना बंद लावायचे होते, भाल्यांना पत्र्याची टोकं बसवायची होती. त्यातलं काहीएक न करता मी मांजराच्या पावलांनी आबांच्या खाटेशी गेले आणि त्यांच्या नाकाशी बोट धरलं. काही लागेना. आणखी वाकले.

"हाय गो, हाय," आबा डोळे न उघडताच म्हणाले. "रातीपासून ही चौथी खेप तुझी. आता आलीच हायस तर चा टाक."