डकवलेलं पान

ती बाइंडर होती. वकिलांची जाडजूड पुस्तकं, कचेऱ्यांची रजिस्टरं शिवता शिवता तिची वीस वर्षं गेली होती आणि बोटांना खळीचा वास कायमचा चिकटला होता. धाकटी बहीण नवऱ्याला सोडून तिच्याकडे राहायला आली, तेव्हापासून त्या नवऱ्याचं फोनवर एकच पालुपद: "तुला जिवंत सोडत नाही."

थोरली तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. एकदा नाही, चारदा. ठाण्याचे साहेब कान कोरत ऐकायचे.

"नवरा-बायकोचं भांडण आहे, ताई. रागाच्या भरात माणूस बोलतो."

चौथ्या खेपेला नवरा सुरा घेऊन गल्लीत फिरत होता, तेव्हा कुठे साहेबांनी मोठ्या मनाने पेनचं टोपण काढलं. "घेतलं लिहून. घराबाहेर पडू नका. तासाभरात शिपाई पाठवतो."

धाकटी खरं तर परगावी मामाकडे निघाली होती. साहेबांच्या शब्दाखातर तिने भरलेली पिशवी खाली ठेवली. तास गेला, दोन गेले. शिपायाचा पत्ता नाही. नवरा मात्र बोलल्याप्रमाणे आला.

धाकटी वाचली, पण उजव्या हाताची बोटं कायमची आखडली. नवरा तुरुंगात गेला. साहेबांनी हात झटकले: "अशी तक्रार आलीच नव्हती."

थोरलीने धाकटीच्या नावाने पोलिसांवर हलगर्जीपणाचा दावा ठोकला. त्यांच्या वकिलाने कोर्टाला समजावलं, की पोलिसांचं कर्तव्य असतं ते समाजासाठी, एकट्यादुकट्या माणसासाठी नव्हे. म्हणजे सुरा समाजाच्या हातावर बसला असता तर हे धावत आले असते, थोरलीच्या मनात आलं. दावा फेटाळला गेला.

ती वरच्या कोर्टात गेली. तिथे न्यायाधीशांनी दावा खालच्या कोर्टाकडे परत पाठवला. पोलिसांनी शब्द दिला असेल आणि त्या भरवशावर बाई घरी थांबली असेल, तर जबाबदारी येते. शब्द दिला होता का, ते आधी तपासा.

मग ठाण्याचं रजिस्टर कोर्टात आलं. त्या तारखेच्या पानावर सायकलची चोरी होती, हरवलेली शेळी होती. बहिणीचं नाव कुठेच नव्हतं. थोरलीने पान चिमटीत धरलं.

"हे मागाहून डकवलंय."

"बाई आता तज्ज्ञही झाल्या!" वकील हसला.

"बाकीची पानं दोऱ्याने शिवलीत. हे खळीने चिकटवलंय, आणि तेही वेंधळेपणाने. कड बघा, सुटलीय."

न्यायाधीशांनी नख लावलं. पान अलगद हातात आलं. दुसऱ्या दिवशी ठाण्याचा हवालदार साक्षीच्या पिंजऱ्यात सगळं ओकला. मूळ पान साहेबांनी फाडलं होतं. त्या दिवशी सगळे शिपाई साहेबांच्या मेहुण्याच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाला बंदोबस्तावर होते. गर्दी अकरा माणसांची.

दावा जिंकला. बाहेर व्हरांड्यात साहेबांनी थोरलीला गाठलं. "ताई, आम्ही कुणाकुणाच्या दारात उभं राहायचं?"

"मेहुण्याच्या दारात जमलं की!" ती म्हणाली आणि चालू लागली.

निकालाची नक्कल घ्यायला धाकटीला सही करावी लागली. तिने डाव्या हाताने कशीबशी केली. कारकुनाने ती ओळखपत्रावरच्या जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, जुळत नाही."

"का जुळत नाही ते या निकालात लिहिलंय," धाकटी म्हणाली. "वाचा, मग शिक्का मारा."

कारकून चौदा पानं वाचत बसला. दोघी बहिणी समोरच्या बाकावर बसून राहिल्या.